अकराव्या दिवसाची पाच मिनिटं

"कुजबुजू नका."

मी गर्रकन मागे वळले. दवाखान्याच्या काउंटरवर वाकून, अगदी हलक्या आवाजात, मी माझा नंबर कधी लागेल ते विचारत होते... आणि ओळख ना पाळख, एक उंच, विस्कटलेल्या केसांचा माणूस मला दटावत होता. काखेत बुटांचं खोकं, शर्टाच्या बाहीवर कसलातरी गुलाबी चिकट डाग.

"डॉक्टरांनी आवाजाला आराम द्यायला सांगितलाय," मी त्याला कुजबुजतच सुनावलं.

"मग द्या ना."

चार दिवस मी घरी, दारी, फोनवर, सगळीकडे फक्त कुजबुजत होते. आईला दर वाक्याला जवळ येऊन कान द्यावा लागत होता. इतकं शहाण्यासारखं वागल्याबद्दल माझं मलाच कौतुक वाटत होतं, आणि हा कोण टिकोजीराव मला शिकवणार?

टिकोजीराव माझ्या शेजारीच बाकावर बसला आणि त्याने खोकं उघडलं. आत कापसात एक घसा ठेवला होता. खराखुरा नव्हे, पण इतका खऱ्यासारखा, की माझा हात आपोआप माझ्या गळ्याकडे गेला.

"कोणाचा आहे?" मी विचारलं.

"अजून कोणाचाच नाही. आणि परत कुजबुजलात." त्याने करंगळीने आतल्या दोन गुलाबी पट्ट्या दाखवल्या. "आपण स्वरतंतू म्हणतो, पण तंतू कसले... ओठांसारख्या दोन घड्या आहेत. बोलताना त्या जवळ येतात, खालून हवा येते आणि त्या थरथरतात. बाईमाणसाच्या सेकंदाला दोनशे वेळा. कुजबुजताना थरथरत नाहीत, पण आराम कसला? आजूबाजूचे स्नायू आवळून बसतात आणि मधल्या फटीतून हवा घासत जाते. पाय मुरगळलाय म्हणून चालायचं नाही, तर तुम्ही लंगडी घालत गावभर फिरताय."

"तुम्ही डॉक्टर?"

"छे. मी घसे बनवतो," तो म्हणाला. जसं कोणी म्हणावं, मी पिशव्या शिवतो.

मला हसू आलं, आणि हसू दाबताना खोकला आला, आणि तेवढ्यात आतून माझा नंबर पुकारला गेला.

आत आवाजाच्या बाई होत्या. त्यांचं खरं पद बरंच लांबलचक आहे, पण दवाखान्यात सगळे त्यांना आवाजाच्या बाईच म्हणतात. बारीक चणीच्या, चष्मा नाकाच्या टोकावर, आणि जरब अशी की मोठमोठे वकील आणि मास्तर त्यांच्यासमोर जीभ बाहेर काढून निमूट बसतात. त्यांनी माझ्या घशात दुर्बीण घातली आणि पडद्यावर माझ्या दोन घड्या दाखवल्या. डावी पांढरी. उजवी लालभडक. आत एक बारीकशी रक्तवाहिनी फुटली होती.

"कुजबुजत होतीस?" त्यांनी विचारलं.

मी मान हलवली.

"शाबास. आजपासून दहा दिवस एक शब्द नाही. कुजबुजणं नाही, गुणगुणणं नाही, खाकरणं नाही. अकराव्या दिवशी सकाळी इथे यायचं, पहिला आवाज माझ्यासमोर काढायचा. नाहीतर कायमची घोगरी होशील."

दहा दिवस! मी, जिला आई 'रेडिओ' म्हणते. आणि प्रश्न नुसता गप्पांचा नव्हता. आवाज हेच माझं पोट आहे. मी यंत्रांना आवाज देते. फोनवर 'कृपया प्रतीक्षा करा' म्हणणारी गोड बाई असते ना, ती मी. आणखी कुठल्या कुठल्या यंत्रांतून मी बोलते, ते मलाच धड माहीत नसतं. स्टुडिओत बसून वाक्यं वाचायची आणि घरी यायचं. सर्दी असताना सलग आठ तास तीच गोडी काढत बसले, शेवटच्या वाक्याला घशात काहीतरी टोचलं... आणि संपलं.

पण खरी गोष्ट वेगळीच आहे, ती सांगूनच टाकते. तो गोड आवाज माझा नाहीच. माझा जन्माचा आवाज जाड. चौदाव्या वर्षी शाळेच्या समूहगानात बाईंनी मला मुलांच्या रांगेत उभं केलं होतं. घरी फोन उचलला की लोक मला दादा समजून क्रिकेटचा स्कोअर विचारायचे. मग मी आवाज उचलायला शिकले. आधी फोनवर, मग वर्गात, मग सगळीकडेच. आज माझा खरा आवाज आईशिवाय कोणालाही ठाऊक नव्हता, आणि तीही बहुतेक विसरली असावी.

बाहेर आले तर तो घसेवाला तिथेच. बाईंनी त्याला आत बोलावलं आणि मलाही थांबवलं.

"याचं मॉडेल कोकरासारखं बेंबें करतं," त्या मला म्हणाल्या. "माझ्या विद्यार्थ्यांना पुढच्या आठवड्यात हवंय. तुझे कान तयार आहेत, आणि तोंड बंद आहे. यापेक्षा चांगला मदतनीस याला कुठे मिळणार?"

तो माझ्याकडे बघून हसला. डाव्या गालाला बारीक खळी पडली. मी वहीत लिहिलं, "तोंड बंद आहे, हात नाहीत. जपून."

"अक्षर बाकी झकास आहे," तो म्हणाला. आणि मी, काही कारण नसताना, लाजले.

त्याची कार्यशाळा एका जुन्या कचेऱ्यांच्या इमारतीत चौथ्या मजल्यावर होती. पहिल्या दिवशी लिफ्टकडे वळले तर म्हणाला, "जिन्याने जाऊ, पाय मोकळे होतात." मला वाटलं, व्यायामाचं वेड असेल. वर पोचेपर्यंत मला धाप लागली होती आणि तो मात्र बोलतच होता. खोलीत शिरले तर खिडकीपाशी तारेवर बारा घसे ओळीने वाळत घातलेले. रबराचा उग्र वास, टेबलावर चिमटे, मासे पकडायच्या गळाची दोरी, आणि खाली पायाने दाबायचा भाता. बाहेर रिमझिम चालू होती आणि काचेवरून ओघळणाऱ्या पाण्याच्या सावल्या त्या घशांवर हलत होत्या. मला ती खोली पाहताक्षणी आवडली.

"या दोऱ्या म्हणजे स्नायू," त्याने दाखवलं. "ही पुढची. हिला मी ताणणारा म्हणतो. ही ओढली की वरची कूर्चा, म्हणजे मऊ हाड, पुढे झुकते, घड्या लांब आणि पातळ होतात, आवाज चढतो. हा घडीच्या आतलाच, तो आवळला की घडी आखूड, जाड होते, आवाज उतरतो. हे बाजूचे घड्या मिटणारे. आणि हा मागचा एकटा, घड्या उघडणारा. गंमत बघा, मिटायला इतके जण, उघडायला हा एकटाच. हा थकला तर श्वास अडकतो."

एवढं बोलून तो माझ्याकडे बघत राहिला. बराच वेळ. मी वही पुढे केली, "तुमचा थकला का?"

तो असा काही हसला की भात्यावरचा पाय घसरला आणि मॉडेल केकाटलं.

रोज दुपारी मी जाऊ लागले. तो दोऱ्या ओढायचा, भाता दाबायचा, मी बोटाने वर-खाली खुणा करायचे. मधे मधे तो माझ्या वहीशी भांडायचा. एकदा म्हणाला, "गिळताना स्वरयंत्र किती वर सरकतं ते नीट बघायचंय. तुमचा गळा बघू?"

मी लिहिलं, "आजवर किती जणींना विचारलंत?"

"पुष्कळ जणींना. एकीनेही हो म्हटलं नाही."

मी पाण्याचा घोट घेतला. त्याने दोन बोटं माझ्या गळ्यापाशी आणली आणि बोटभर अंतरावर थांबवली. हात लावला नाही. पण मला तो घोट काही केल्या गिळता येईना. शेवटी ठसका लागला आणि खाकरायचं नाही म्हणून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत मी तोंड दाबून बसले. तो घाबरून माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाला, "बाई मला दवाखान्यात पाऊल ठेवू देणार नाहीत. जगा हो, प्लीज."

त्या संध्याकाळी आईने विचारलं, "गप्प बसून एवढी खूश कशी काय तू?" उत्तर द्यायचं नव्हतं, हे किती बरं होतं.

सहाव्या दिवशी मला त्याची चूक सापडली. भाता दाबण्याआधी तो सगळ्या दोऱ्या एकदम ओढून घ्यायचा. आवाज फुटलाच पाहिजे, या धास्तीने. मी त्याच्याकडे बघत बसले आणि माझे खांदे हळूहळू वर चढलेत, जबडा आवळलाय, हे माझ्या लक्षात आलं. मीही हेच करत होते की. माइक चालू झाला की सगळ्या दोऱ्या एकदम. मी उठले, त्याच्या हातातून दोऱ्या घेतल्या, मिटणाऱ्या थोड्या सैल केल्या, ताणणारी तर पार सोडून दिली. मग मानेनेच त्याला सांगितलं, हळू.

त्याने भाता हळूच दाबला. आणि त्या रबरी घशातून एक भरदार, ठाशीव 'आ' निघाला... लांब, स्थिर, टेबलावरची पेन्सिल थरथरवणारा.

त्याने माझे दोन्ही हात धरले. आम्ही अक्षरशः नाचलो त्या खोलीत. आणि हात धरलेलेच असताना तो हसत म्हणाला, "पण हा बाईचा घसा आहे हो. आवाज निघाला वखारीतल्या हमालाचा."

मी हसले. हसायलाच हवं होतं. आत कुठेतरी मात्र चौदा वर्षांची मुलगी मुलांच्या रांगेत जाऊन उभी राहिली.

तरी म्हटलं, असू दे. गोड आवाज आहे ना आपल्याकडे. अकराव्या दिवशी त्याच्यासमोर तोच काढू, कोणाला काय कळतंय.

तेही आठव्या दिवशी निकालात निघालं. माझी चप्पल तुटली होती, म्हणून मी लिफ्टचं बटण दाबलं. तो अवघडला. "नको ना," म्हणाला, "त्या आतल्या बाईमुळेच तर मी जिना चढतो." तेवढ्यात दार उघडलं.

"आपले स्वागत आहे. कृपया दरवाजापासून दूर उभे राहा."

मी. शंभर टक्के मीच. तीन वर्षांपूर्वी एका दुपारी वाचलेलं.

"ऐकलंत?" तो म्हणाला. "सगळ्या दोऱ्या आवळलेल्या. ही बाई स्वतःच्या आवाजात बोलतच नाहीये. कानात पाक ओतल्यासारखं होतं मला. कधी कधी तर तिची कीव येते... का हो, काय झालं?"

मी वहीत लिहिलं, "घरी काम आठवलं." आणि तुटक्या चपलेनेच चालू पडले.

नवव्या दिवशी गेले नाही. दहाव्या दिवशीही नाही. आईने दोनदा कपाळाला हात लावून पाहिला. एक आवाज हमालाचा, दुसरा पाकातला, आणि माणूस असा, की ज्याच्या बडबडीशिवाय दुपार जाता जात नव्हती. आता मी कुठल्या तोंडाने बोलणार होते?

अकराव्या दिवशी सकाळी आवाजाच्या बाईंनी दुर्बीण घातली आणि पडदा माझ्याकडे वळवला. दोन्ही घड्या पांढऱ्या. स्वच्छ. मला रडूच आलं.

"रडायचंय ते नंतर. ओठ मिट. कोणी मनासारखं बोललं की आपण 'हं' म्हणतो ना, तसं म्हण. उचलून नाही, दाबून नाही. जिथे पडेल तिथे पडू दे."

मी डोळे मिटले. सगळ्या दोऱ्या सैल सोडल्या.

"हं."

इतका खोल निघाला, की माझी छातीच थरथरली.

"हा तुझा आवाज," बाई म्हणाल्या.

"पण बाई, हा... हा हमालासारखा आहे."

"हमालांचे घसे तपासलेत मी. उत्तम असतात." त्यांनी चष्मा पुसला. "वरचा आवाजही तुझाच आहे. न आवळता कसा काढायचा ते शिकवीन, कामाला वापर. पण दिवसभर चवड्यांवर कोणी उभं राहत नाही. आज पाच मिनिटं बोलायचं. सगळी मिळून पाच. उद्या दहा. नीट विचार करून खर्च कर."

रस्त्याने मी फक्त तोच विचार करत होते. आईला एक मिनिट द्यावं का? स्टुडिओला? पण पाय आधीच त्या इमारतीकडे वळले होते. लिफ्टने गेले. चार मजले स्वतःचंच गोड गोड बोलणं ऐकलं आणि गंमत म्हणजे मलाही त्या बाईची कीव आली.

दार उघडंच होतं. मला बघून तो ताडकन उठला, हातातला चिमटा खाली पडला. "दोन दिवस कुठे होतीस? म्हणजे होतात... मी जिन्यात वाट बघत होतो, मी काहीतरी बोललो असणार, मी नेहमीच काहीतरी बोलतो, आणि तुझा पत्ता पण नाही माझ्याकडे, बाई सांगेनात, मग मी..."

मी फोनवर पाच मिनिटांचा गजर लावला, त्याच्यासमोर टेबलावर ठेवला आणि बटण दाबलं.

"गप्प बस," मी म्हणाले.

माझ्या स्वतःच्या, जाड, जन्माच्या आवाजात. तो तोंड उघडं ठेवून मटकन खुर्चीवर बसला.

"माझ्याकडे पाचच मिनिटं आहेत, तेव्हा ऐक. लिफ्टमधली बाई मी आहे. फोनमधलीही मीच. आणि हा आत्ताचा, वखारीतल्या हमालाचा, तोही माझाच. हा चौदाव्या वर्षापासून लपवलाय मी, सगळ्यांपासून. तुला दोन्ही आवडत नाहीत. तिसरा माझ्याकडे नाही." मी गजराकडे बघितलं. "आणि तू मला आवडतोस. खूप आवडतोस. परवा वहीत लिहिलं होतं मी हे, मग पान फाडलं. लिहिलेलं वाचून तू हो म्हणाला असतास, आणि मग मला जन्मभर भीती वाटली असती. म्हणून हे ऐक, आणि ऐकून काय ते ठरव."

फोनवर अजून तीन मिनिटं आणि काही सेकंद उरले होते. त्याचे ओठ हलले, आवाज आला नाही. पुन्हा हलले. हा माणूस, जो जिने चढतानाही बोलायचा थांबत नसे, तो चक्क मुका झाला होता. मी एकेक सेकंद मोजत होते आणि प्रत्येक सेकंदाला वाटत होतं, आता उठावं, जावं.

"मी हमाल म्हणालो," शेवटी तो कसाबसा म्हणाला, "तेव्हा तू हसली होतीस."

"हो."

"मला वाटलं, विनोद आवडला. मी गाढव आहे."

"आहेसच."

"ते रबर होतं गं. रबराला हसलो मी. त्यात बोलणारं कोणी नव्हतं." तो उठून माझ्यासमोर आला. "आणि लिफ्टमधल्या बाईची कीव यायची, कारण ती कोणीतरी वेगळीच आहे असं रोज वाटायचं. ती कोण असेल, असा विचार करत मी चार मजले चढायचो. परत बोल."

"काय बोलू?"

"काहीही. त्या रबराच्या डब्यावरचं वाच. पण याच आवाजात."

"वेडा आहेस का? मिनिटं संपतायत माझी."

"हो, वेडाच आहे. वहीतली आवडली होतीसच. आठव्या दिवशी तू गेलीस तेव्हा मला जेवण गेलं नाही, तेव्हाच कळलं मला. पण आत्ता 'गप्प बस' म्हणालीस ना... आजवर इतकं छान कोणी मला गप्प केलं नव्हतं." त्याचा आवाज चिरकला. घसे बनवणाऱ्याचा घसा, आणि ऐन वेळी दगा दिला. "मला तू आवडतेस. हा आवाज आवडतो. आईवर रागावलीस की असाच बोलतेस का? झोपेतून उठल्यावर? मला सगळं ऐकायचंय."

"आईवर रागावले की मी—"

गजर वाजला.

मी पटकन ओठ मिटले. वाक्य अर्धंच राहिलं. तो कासावीस होऊन फोनकडे बघायला लागला, जणू विनवणी केली तर आणखी एखादं मिनिट मिळेल. मला इतकं हसू येत होतं, इतकं रडू येत होतं, आणि दोन्ही आवाजाशिवाय करायचं होतं.

"उद्या?" त्याने विचारलं. "उद्या किती?"

मी दोन्ही हातांची बोटं वर केली. दहा.

त्याने आपले दोन्ही हात उचलले आणि माझ्या बोटांना एकेक करून आपली बोटं लावली. त्याच्या बोटांवरचे गुलाबी रबराचे डाग अजून ओलेच होते, माझ्याही हाताला लागले. "पुरणार नाहीत," तो म्हणाला. आणि आम्ही तसेच उभे राहिलो.